यंत्र सुस्थितीत आहे

उत्तमरावांनी मला फसवलं, हे मी भर बाजारात उभं राहून सांगायला तयार आहे. पण फसवायला त्यांनी जी पानं वापरली, त्या प्रत्येक पानावर सही माझीच आहे, हे सांगताना जीभ जड होते.

मी जनका. मलकापूरच्या एका कापूस खरेदी संघात टायपिस्ट म्हणून लागले, तेही हंगामी. हंगामी म्हणजे दर सहा महिन्यांनी नवं पत्र, आणि पत्र हातात पडेपर्यंत देवाचं नाव. अशी अकरा वर्षं काढली. सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी संघात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्याजवळ बसायला एकही कायम माणूस तयार होईना. हात लावला आणि बिघडला तर अंगावर येईल, ही धास्ती. मग मला आठ दिवस अकोल्याला शिकायला पाठवलं. मी हुशार म्हणून नव्हे, माझ्या अंगावर आलं तर कोणाचं काही जाणार नव्हतं म्हणून.

यंत्राचं काम एकच, कोणत्या बैलगाडीचा नंबर कधी त्याची यादी. हंगामात पार वरवट बकालपासून कापसाच्या गाड्या यायच्या आणि फाटकाबाहेर दोन-दोन दिवस उभ्या राहायच्या. रोज सकाळी गाववार यादी छापून फाटकावर चिकटवायची. यादी वेळेवर लागली की सगळं शांत. उशीर झाला की बैलांपेक्षा माणसंच जास्त शिंगं रोखायची.

आता कापसाच्या संघात कॉम्प्युटर ठेवायचा म्हणजे पिठाच्या गिरणीत पांढरं धोतर नेसून बसायचं. रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत असायचे आणि यंत्राला जिथे जिथे फट असेल तिथे शिरायचे. नागपूरहून इंजिनिअर बोलवावा तर तो दहा दिवसांनी उगवणार. तेव्हा मी टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या रहेमतुल्ला चाचांकडे गेले. त्यांनी कॉम्प्युटर कधी पाहिलेला नव्हता, पण त्यांनी मला रंगाचा एक मऊ ब्रश दिला आणि म्हणाले, ‘‘बेटी, मशीन कोनतीबी असो, पहिले धूळ झटक, मंग वायरी हालवून पाय, अन् मंग खोल. उलटं करशीन तं मशीनबी जाईन अन् इज्जतबी.’’

दोन वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. स्क्रीन काळा पडला की निम्म्या वेळा शिपायानं फडकं मारताना उजेडाचं बटण फिरवलेलं असायचं. उरलेल्या निम्म्या वेळा मागची पिन ढिली. यंत्र नुसतंच टूं टूं करून थांबलं, तर आत खाचेत बसवलेल्या पट्टीचे पिवळे दात मळलेले असत. प्लग काढायचा, पट्टी उपसायची, पेन्सिलीच्या खोडरबरानं दात घासायचे, पट्टी पुन्हा नीट दाबून बसवायची, की लागलं गाणं. फ्लॉपी वाचेना, तर काडीला धुवट मलमल गुंडाळून, स्पिरिट लावून आतलं डोकं पुसायचं. कापूस चुकूनही वापरायचा नाही, त्याचा तंतू आतच राहतो. वीज गेली की सगळी बटणं बंद करायची, आणि आली तरी पाच मिनिटं हात बांधून बसायचं. शनिवारी फ्लॉपीची दुसरी प्रत काढून आतल्या खोलीतल्या कपाटात. यात जादू कुठेच नाही. रोज करायचं, एवढंच. पण रोज करणारं माणूस लागतं.

यंत्राच्या टेबलावर एक देखभाल वही होती. तारीख, बिघाड, उपाय, सही. पहिल्याच आठवड्यात मी तिच्यात पाच नोंदी केल्या, अगदी खोडरबरासकट. त्या पाहून उत्तमराव माझ्या टेबलाशी आले.

उत्तमराव म्हणजे आमचे हेडक्लार्क. मला सख्खा भाऊ नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवाळीत मी ऑफिसात कोरडं तोंड करून बसलेली पाहून हे गृहस्थ भाऊबीजेला साडी घेऊन दारात हजर झाले होते. ‘‘मी हाय ना तुहा भाऊ,’’ म्हणाले आणि पाटावर बसले. तेव्हापासून एक भाऊबीज चुकवली नाही. मी त्यांना उत्तमभाऊ म्हणायची. त्यांनी सांगितलेलं मी कधी उलटून विचारलं नाही, आणि मी तर कोणालाही उलटून विचारणारी बाई आहे.

‘‘जनका, हे काय लिहून राह्यली वो?’’ त्यांनी हळू आवाजात विचारलं.

‘‘बिघाड झाला तं लिहाव लागते ना, भाऊ.’’

‘‘वरचे लोक हे वाचतीन अन् म्हनतीन, मलकापुरात मशीन टिकत नाई. उचलून दुसरीकडे नेतीन. मशीन गेली का तुही जागाबी गेली. आजपासून एकच लिहिजो, यंत्र सुस्थितीत आहे. बस.’’

मला ते पटलं. खरं म्हणजे पटलं यापेक्षा माया वाटली, की हा माणूस माझ्या जागेचा विचार करतो. त्या पाच नोंदींचं पान त्यांनीच अलगद फाडून घेतलं. त्या दिवसापासून मी रोज सकाळी ब्रश, रबर, स्पिरिट घेऊन यंत्राशी झटायची आणि संध्याकाळी लिहायची, यंत्र सुस्थितीत आहे.

पुढच्या साली खंडेनवमी आली. आमच्या संघात त्या दिवशी वजनकाट्यापासून टाइपरायटरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, आणि पूजेला बसण्याचा मान हेडक्लार्कचा. मी कॉम्प्युटरवर जाड कापड घालून ठेवलं होतं आणि सांगितलं होतं, की हळदीकुंकू कापडालाच लावा.

‘‘देवाले कोनी बुरखा घालते का, बाई?’’ म्हणून उत्तमभाऊंनी कापड काढलं. ओल्या बोटांनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, इथवर मी दात आवळून बसले. मग मी प्रसादाच्या वाट्या आणायला आत गेले. तेवढ्यात त्यांनी फ्लॉपीची फट पाहिली. यंत्राला तोंड आहे म्हटल्यावर घास द्यायलाच हवा, असं त्यांच्या भाबड्या मनात आलं. त्यांनी चिमूटभर साखर-खोबरं त्या फटीत सारलं, आणि आत जाईना म्हणून बोटानं ढकललं.

नंतर दसऱ्याची सुटी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात पोचले तर भिंतीवरून लाल मुंग्यांची रांग उतरून थेट यंत्राच्या तोंडात चालली होती. खरेदी चार दिवसांवर, आणि यंत्र काही फ्लॉपी गिळेना.

उत्तमभाऊ आले, मुंग्या पाहिल्या आणि खुर्ची ओढून बसले. ‘‘जनका, परसादाचा घास मीच भरवला तिले, चेअरमनले कळलं तं माही नोकरी जाते. दोन पोरी उजवायच्या हायेत मले. काही कर, पन कोनाले सांगू नको. तुह्या पाया पडतो.’’ आणि खरंच वाकले. मीच त्यांचे हात धरले.

मी चार तास खपले. मुंग्या ब्रशानं काढल्या, साखरेचा चिकट थर स्पिरिटनं पुसला, खोबऱ्याचा कीस केसाच्या चिमट्यानं एकेक करून उपसला. दुपारी यंत्रानं फ्लॉपी वाचली तेव्हा मला रडूच आलं. उत्तमभाऊंनी स्वतःच्या हातानं मला चहा आणून दिला. आणि संध्याकाळी त्या तारखेसमोर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, यंत्र सुस्थितीत आहे.

आणखी एक वर्ष गेलं. दसऱ्याच्या आधी बातमी आली की कॉम्प्युटर चालवायला आणि राखायला एक कायम जागा मंजूर झाली आहे. कायम! मी त्या रात्री आमच्या ह्यांना झोपू दिलं नाही. अकरा वर्षांची तेरा झाली होती, आणि आता दर सहा महिन्यांनी पत्राची वाट पाहणं संपणार होतं. जाहिरातीत सर्टिफिकेट मागितलं होतं. माझ्याकडे ते नव्हतं, पण खाली एक ओळ होती: देखभालीचा प्रत्यक्ष अनुभव असल्यास सर्टिफिकेटची अट शिथिल. ती ओळ माझ्यासाठीच आहे, असं मला उत्तमभाऊंनीच हसत हसत सांगितलं होतं.

मुलाखतीला आम्ही दोघं. मी, आणि निवृत्ती नावाचा एक पोरगा. खामगावला सहा महिन्यांचा कोर्स केलेला. तो उत्तमभाऊंच्या बहिणीचा मुलगा, हे मला बाहेरच्या बाकावर त्याच्याच तोंडून कळलं. तरीही माझ्या मनात पाल चुकचुकली नाही. भाचा असला म्हणून काय झालं, बहीण मी आहे ना, असं वाटलं. इतकी मी मूर्ख.

आत चेअरमन किसनराव, दोन संचालक, आणि कागद पुढे करायला उत्तमभाऊ. मी दोन वर्षांत काय काय केलं ते सांगितलं. किसनराव भला माणूस. ऐकून म्हणाले, ‘‘बाई, अनुभव कागदावर दाखवाव लागते. देखभाल वही आना.’’

उत्तमभाऊंनी वही आणली. नुसती आणली नाही, उघडून वाचायला सुरुवात केली. ‘‘तीन तारीख, यंत्र सुस्थितीत. चार तारीख, यंत्र सुस्थितीत.’’ चांगली चार पानं त्यांनी तशी वाचली, शांतपणे, पूजेतले मंत्र म्हणावे तशी. मग वही मिटून म्हणाले, ‘‘साहेब, दोन वर्षांत मशीनले एकदाबी काही झालं नाई. मंग देखभालीचा अनुभव आला कुठून? बाई टायपिंगले चांगली हाय, त्यात वाद नाई.’’

मी म्हटलं, ‘‘साहेब, गेल्या दसऱ्यानंतर हे यंत्र बंद पडलं होतं. मी चार तास खोलून दुरुस्त केलं. उत्तमभाऊंना विचारा. ते समोर होते.’’

किसनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. ‘‘काऊन हो? खरं हाय का हे?’’

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. खोबरं त्यांनी घातलं हे मी आत्ताही बोलले नव्हते. त्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. बाकीचं मी झाकून नेलं असतं, मागच्या वेळी नेलं तसंच.

उत्तमभाऊंनी वहीत त्या तारखेचं पान उघडलं आणि वही किसनरावांपुढे सरकवली. ‘‘साहेब, बाईचीच सही हाय. नोंद नाई तं मी काय सांगू?’’

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. रक्ताचा थेंब नाही. माझंच अक्षर, माझीच सही, आणि माझ्याच भावाचा हात. दसऱ्याला निवृत्ती त्या कायम जागेवर लागला. मी पुन्हा टाइपरायटरवर, हंगामी. ऑफिसात उत्तमभाऊ समोरून गेले की मी कागद चढवत राहायची. त्यांना शिव्या द्याव्यात असं रोज वाटायचं, आणि रोज त्याहून जास्त असं वाटायचं, की त्यांनी एकदा येऊन म्हणावं, जनका, चुकलो.

म्हणून भाऊबीजेच्या सकाळी ते साडी घेऊन दारात उभे दिसले तेव्हा मी दार लावून घेतलं नाही. आमचे हे म्हणाले, ‘‘आला हाय तं ओवाळून घे. मानसाले पस्तावा झाला असन.’’ मलाही तेच वाटलं. मी पाट मांडला, तबक केलं, निरांजन लावलं. उत्तमभाऊ टोपी नीट करून पाटावर बसले. मी कुंकवाचा टिळा लावला. त्यांचे डोळे खाली होते. मी वाट पाहत होते.

‘‘जनका,’’ ते म्हणाले, ‘‘दोन दिवसांपासून मशीन टूं टूं करून थांबून राह्यली. फाटकावर यादी नाई. वरवट बकालच्या गाड्या उभ्या हायेत. पोराले काही समजत नाई. काय करत होती तू?’’

तबक माझ्या हातात तसंच राहिलं. पण गाड्या उभ्या होत्या. त्या गाडीवाल्यांनी माझं काय घोडं मारलं होतं? मी सांगितलं. प्लग काढा, पट्टी उपसा, पिवळे दात खोडरबरानं घासा, नीट दाबून बसवा. उत्तमभाऊंनी खिशातून पेन आणि कागद काढला आणि शब्द न् शब्द लिहून घेतला. मला वाटलं, आता म्हणतील. आता तरी म्हणतील.

‘‘अन् अजून एक,’’ ते पेन न मिटता म्हणाले. ‘‘निवृत्ती सहा महिने प्रोबेशनवर हाय. चेअरमन म्हनते, वहीत काम दिसलं पाह्यजे. तुले तं सगळे बिघाड तोंडपाठ हायेत. हप्त्याले दोन, असे सहा महिन्याचे लिहून दे. बिघाड अन् उपाय. तो रोज चढवत जाईन वहीत. तुह्या भाच्यासारखाच हाय तो.’’

त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, मस्तीही नव्हती. एखाद्या बहिणीकडे लोणच्याची बरणी मागावी तसं त्यांनी मागितलं. मी केलेलं काम ज्यांनी दोन वर्षं लिहू दिलं नाही, तेच आता न केलेलं काम लिहून मागत होते, आणि त्यात काही वावगं आहे हे त्यांना दिसतसुद्धा नव्हतं. माझी आशा मेली ती तिथं. मुलाखतीच्या खोलीत नव्हती मेली.

मी निरांजनाचं तबक बाजूला ठेवलं.

‘‘उत्तमराव,’’ मी म्हटलं, ‘‘पाटावरून उठा.’’

तेरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच नुसतं उत्तमराव म्हटलं होतं. ते त्यांनी ऐकलं. आमच्या ह्यांच्याकडे एकदा पाहून उठले, साडीची पिशवी उचलली आणि चपला घालू लागले. खोडरबराचा उपाय लिहिलेला कागद मात्र त्यांनी दोन घड्या घालून, आठवणीनं वरच्या खिशात ठेवला.