नंबरप्लेट नसलेली सायकल

वर्तकनगरच्या त्या सोसायटीत चार्जिंग पॉइंट एकच, आणि तो आपल्यासाठीच बसवलाय असं सेक्रेटरी रवींद्र धरून चालले होते. इलेक्ट्रिक कार नवी कोरी. रोड टॅक्स माफ झाला म्हणून त्यांनी दोन्ही विंगमध्ये पेढे वाटलेले!

काल संध्याकाळी पॉइंटला तळमजल्यावरच्या स्वप्नाची बॅटरीवाली सायकल दिसली आणि त्यांचं डोकं फिरलं. तिचा प्लग खेचून त्यांनी आपला लावला आणि वर चहाला गेले.

सकाळी सव्वासहाला उतरले, तर स्वप्ना सायकलपाशी उभी, बॅटरी रिकामी, चेहरा उतरलेला. ती घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. लहानपणी पाय मोडलेला, पॅडल फार मारवत नाही, म्हणून तर बॅटरीची सायकल घेतलेली. साडेसहाला लोकमान्यनगरात एक आजोबा उपाशीपोटी वाट बघत होते. लॅबवाल्याने बजावलेलं, पुन्हा उशीर झाला तर कामावर येऊ नको. आणि रिक्षा एकही थांबत नव्हती.

"प्लग कोणी काढला?" विश्रामकाकांनी विचारलं. काका आरटीओतून निवृत्त झालेले, फिरायला निघालेले.

रवींद्रांचा हेका सुटेना. "पॉइंट गाड्यांसाठी आहे काका. सायकलला साधी नंबरप्लेट नाही. सरकारसुद्धा टॅक्स गाडीचाच माफ करतं."

"सायकलची नोंदणीच नाही, तर माफी कसली करणार? पण तुझा टॅक्स माफ झाला म्हणून रस्ता फुकट होत नाही रे. ही साबण घेते, त्यावरही कर भरते. तुझ्या सवलतीत हिचाही वाटा आहे. आणि हा पॉइंट सोसायटीच्या फंडातला. हिचा मेंटेनन्स काय तू भरतोस?"



"जाऊ दे काका, मी चालत निघते," म्हणत स्वप्नाने नमुन्यांची पेटी खांद्याला लावली आणि लंगडत गेटकडे निघाली. रवींद्रांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांब, स्वप्ना. प्लग मीच काढला. बस गाडीत."

वाटेत सिग्नलला रवींद्र नुसते घड्याळ बघत राहिले. पोचायला सहा पस्तीस झाले. ती जिना चढली, तसा लॅबवाल्याला फोन त्यांनीच लावला. "उशीर माझ्यामुळे झालाय, तिची चूक नाही." पलीकडचा माणूस कुरकुरला, पण तिची नोकरी टिकली.

रविवारच्या मीटिंगमध्ये सायकली-स्कूटरसाठी वेगळ्या सॉकेटचा ठराव रवींद्रांनीच मांडला.

मंडळी, सवलत एकाला मिळते, पण ती सगळ्यांच्या खिशातून येते. तेव्हा तिच्या तोऱ्यात कुणाचा प्लग काढण्याआधी, त्याला सकाळी कुठे पोचायचंय एवढं तरी विचारा.