चाळीस मुलांचा निष्कर्ष

चिमीच्या पोटात पुन्हा कळ आली, तशी आई तिला उचलून थेट सर्जनबाईंकडे आली. "पुन्हा उघडून बघा ना, बाई. ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं पोरीला धड झोप नाही."

बाईंनी छापून आलेला शोधनिबंध पुढे सरकवला. "या नव्या पद्धतीनं चाळीस मुलांची ऑपरेशनं केली. दर तीन महिन्यांनी प्रत्येक घरी फोन करून विचारलं. एकाचंही पोट दुखत नाही. मग चिमीचं दुखणं ऑपरेशनमुळे कसं असेल? उगाच चिरफाड नको."

आईला ते फोन आठवले. तो फोन यायचा तेव्हा पोर शेजारी कण्हत असायची आणि ही शहाणी सांगायची, "झकास आहे हो, उड्या मारते." लेकीचा जीव वाचवणाऱ्या बाईंना तोंड वर करून तक्रार कशी सांगायची?

"बाई, मी फोनवर खोटं बोलले," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

बाईंनी निबंध मिटून खणात ठेवला. "दुसरं ऑपरेशन हवं असलं की आया असंच म्हणतात. या महिन्यात तुम्ही तिसऱ्या."