एकशे आठातले सदतीस

“मोजणी चुकली तर लाजू नकोस, पहिल्यापासून सुरू कर. पण खोटी मोजू नकोस.”

मठातल्या म्योगाक भिक्षुणींनी माझ्या हातात माळ ठेवताना हे सांगितलं होतं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण रोज सकाळी गुडघे टेकताना त्यांचा आवाज कानाशी येतो. रोज एकशे आठ नमस्कार हा माझा नेम. पूर्वी मठात जाऊन घालायचे. हे आजारी पडल्यापासून ह्यांच्या पलंगाच्या पायथ्याशीच उशी टाकते.

ह्यांचे स्नायू झिजत चालले आहेत. मोकपोच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. एक दिवस जेवताना हातातल्या काड्या गळून पडल्या. मग पाय गेले, मग गिळणं, मग बोलणं. आता फक्त डोळे आणि पापण्या हलतात. पलंगासमोर एक पडदा लावला आहे. नजर ज्या अक्षरावर ठरेल ते अक्षर त्यावर उमटतं आणि यंत्र ते वाचून दाखवतं. दुपारभर हे त्या पडद्यावर बादुकचे, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचे डाव बघतात, असं मी समजत होते.

त्या वेळी मी स्वयंपाकघरात ‘बाकड्या’वर बसायचे. बाकडं म्हणजे फोनमधला कट्टा. अशा आजाऱ्यांना घरी सांभाळणाऱ्यांचाच. खरं नाव सांगायचं नाही, फोटो टाकायचा नाही आणि आजाऱ्याला आत घ्यायचं नाही, हे तीन नियम. आत घेण्याआधी चालवणाऱ्या बाई फोन करून खात्री करतात. तिथे मला सोकचोची ताई भेटली. तिचाही नवरा असाच पडून. ताई एक ओळ लिहायला दहा मिनिटं घ्यायची. म्हणायची, कपडे पिळून पिळून बोटं सुजलीत गं. मी तांदूळ धुऊन यायचे, तोवर तिची ओळ आलेली असायची. अकरा महिने ती माझ्या सख्ख्या बहिणीच्या जागी होती. बुद्धजयंतीला मी मठात आमच्या नावाच्या कंदिलाशेजारी तिच्या नवऱ्यासाठी बिननावाचा कंदील लावला.

गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, श्वास कमी पडायला लागलाय. गळ्याला छिद्र पाडून यंत्र लावायचं का ते ठरवा. लावलं तर वर्षं निघतील, पण मग यंत्र काढता येत नाही असंच धरून चाला. नाही लावलं तर... पुढचं त्यांनी हातानेच दाखवलं.

त्या आठवड्यात मी ताईला लिहिलं, “आज नमस्कार घालताना मी मागितलं की हे थंडीआधी सुटावेत. त्यांच्यासाठी नाही गं, माझ्यासाठी. दर दोन तासांनी उठून घशातला कफ ओढायचा. मला एकदा सलग झोपायचंय.”

खूप वेळाने उत्तर आलं. “हे त्यांना सांग. दिवसाउजेडी, तोंडावर. मला वचन दे.”

मी वचन दिलं. आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच नमस्काराला मी नेमकं उलट मागितलं होतं. रडत रडत. ते मात्र ताईला लिहिलं नाही. चांगलं मागणं कोण सांगत बसतं?

मंगळवारी डॉक्टर घरी आले तेव्हा यंत्र बोललं, “नको.” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, यंत्राने पुन्हा तेच सांगितलं. शुक्रवारी कागदावर सही करायची असं ठरलं. मी रडले. आणि आतून कुठेतरी हलकं वाटलं, त्याची लाज वाटून आणखी रडले. मी तर काहीच सुचवलं नव्हतं, हा निर्णय सर्वस्वी ह्यांचा, असं मनाला बजावत राहिले.

काल, गुरुवारी, मला ताप होता. एकाहत्तराव्या नमस्काराला डोळ्यांपुढे अंधारलं म्हणून थांबले. ह्यांचे डोळे मिटलेले होते. उशी उचलली, माळ खिशात टाकली. मग बाकड्यावर सगळ्यांना लिहिलं, “अंगात ताप आहे, तरी एकशे आठ पुरे केले.” कशाला लिहिलं? कौतुकासाठी, दुसरं काय.

काही वेळाने ताईची ओळ आली. “ताप उतरू दे. उरलेले सदतीस नंतर घाल.”

मी ती ओळ तीनदा वाचली. गॅस बंद केला. एकशे आठातून एकाहत्तर गेले तर सदतीस उरतात. हे माझ्याशिवाय आणि माळेशिवाय कुणाला माहीत असणार? पलंगावरून रोज बघणाऱ्यालाच.

दहाला प्यो बाई आल्या. ह्यांना अंघोळ घालायला सरकारकडून येतात त्या. दारातच म्हटलं, “प्यो बाई, सोकचोची ताई कोण?”

त्यांनी आधी चपला काढल्या, मग पुन्हा घालायला लागल्या.

“कुठे निघालात?”

“अहो बाईसाहेब, माझ्यावर कशाला डोळे वटारता? साहेबांनी शपथ घातली होती. डोळ्यांनी शपथ घालणाऱ्याला नाही म्हणून दाखवा बघू तुम्ही!”

“आणि चालवणाऱ्या बाईंचा फोन?”

“मीच घेतला. विचारलं, आजाऱ्याला सांभाळता का? म्हटलं, हो. खोटं काय त्यात? सांभाळतेच की.”

“सोकचो?”

“ते साहेबांचं. देशाच्या पार त्या टोकाचं गाव हवं म्हणाले, नाहीतर तुम्ही किमचीचा डबा घेऊन भेटायला निघाला असता.”

“आणि सुजलेली बोटं?”

“ती माझी कल्पना,” त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते कळून तोंडावर हात ठेवला.

मी आत गेले. हे जागे होते.

“ताई,” मी म्हटलं.

ह्यांची पापणी मिटली, उघडली. म्हणजे हो.

“अकरा महिने?”

नजर पडद्यावर फिरू लागली. ती फिरत असताना उभं राहणं किती कठीण असतं! इतकी वर्षं मी तसं कौतुकाने उभी राहिले होते.

“विचारलं की म्हणायचीस, मी ठीक आहे,” यंत्र म्हणालं.

“म्हणून चोरायचं? मी तिथे तुमच्या अंगाच्या वासाबद्दल लिहिलं. तुमच्या आईबद्दल लिहिलं. तुम्ही वाचत होतात आणि संध्याकाळी मी तोंड पुसायला आले की माझ्याकडे बघत होतात!”

माझा आवाज कधी चढत नाही. तो चढला तसा न्हाणीघरातला नळ बंद झाला.

“आणि मंगळवारी नको म्हणालात, ते त्या ओळीमुळे?”

यावेळी फार वेळ लागला. “तुला झोप हवी.”

“मी तुम्हाला मत दिलं नव्हतं,” मी म्हटलं. “मी माझ्या ताईला दुखणं सांगितलं होतं. तुम्ही त्याचं मत केलंत आणि डॉक्टरांच्या हातात दिलंत. माझ्या नावाने, मला न विचारता. आणि तो कंदील? कुणासाठी लावला मी?”

“तोही माझाच.”

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मला इतका राग आला की पलंगाची कड घट्ट धरावी लागली. माझी ताई गेली होती, आणि तिच्यासाठी रडायला जिच्याकडे जावं ती तीच होती.

काल दिवसभर मी ह्यांची सगळी कामं केली, एक शब्द न बोलता. कूस बदलली, नळीतून पेज घातली, कफ ओढला. यंत्र दोनदा म्हणालं, “बोल.” मी बोलले नाही.

आज सकाळी ताप नव्हता. उशी टाकली आणि उभी राहिले. सदतीस घालावेत की पहिल्यापासून एकशे आठ? मग कळलं, खोटी मोजणी नमस्कारांची नव्हतीच. ताईला मी अर्धंच सांगितलं होतं, ते अर्धं ह्यांनी पुरं समजून घेतलं, आणि दोन वाजता डॉक्टर सही घ्यायला येणार होते.

फोन उघडला. ताईची जुनी ओळ होती तिथेच होती. दिवसाउजेडी, तोंडावर, मला वचन दे. ते वचन घेणारी कधी नव्हतीच. देणारी मात्र मीच होते.

प्यो बाईंना टोफू आणायला पाठवलं. “काल तर आणला होता,” त्या म्हणाल्या. “आणखी आणा,” मी म्हटलं, तशी त्यांनी गुपचूप पिशवी घेतली. खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला, ऊन पार ह्यांच्या पांघरुणावर आलं. अक्षरांचा पडदा मी भिंतीकडे फिरवला.

ह्यांचे डोळे घाबरले.

“परत लावते,” मी म्हटलं. “आधी तुम्ही ऐकायचं. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे पण ऐकायचं.”

ह्यांना नजर वळवावी लागू नये अशी खुर्ची ओढली, बसले, आणि दोन उलट मागण्यांच्या त्या सकाळींतल्या पहिल्या सकाळपासून सुरुवात केली.