फर्लांगभर तास

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटवर बुद्धभूषण सर एकटेच राहत. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. वेळ जाईना म्हणून शब्दांची मुळं शोधायचा नाद त्यांनी लावून घेतला होता.

एका सकाळी कोशात ‘फर्लांग’ सापडला. मूळ अर्थ, नांगराचं एक लांब तास. बैलांनी दम न खाता ओढावं एवढं अंतर. लहानपणी शाळा दोन फर्लांगांवर होती, पण त्या शब्दात बैल आहेत हे सरांना अडुसष्टाव्या वर्षी कळलं. त्यांनी पुण्याला लेकीला, श्रुतीला फोन लावला. मीटिंग संपली की करते, म्हणाली. फोन काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सर कागलच्या बसनं गावी गेले. त्यांचे वडील ज्ञानू जन्मभर दुसऱ्यांची रानं नांगरत. ती रानं आता एमआयडीसीत गेलेली. एका रानाचे मालक गुंडूआबा तेवढे उरले होते. ऐंशी पार, घराच्या पुढच्या सोप्यात एकटेच बसलेले. सरांनी ओळख सांगितली आणि विचारलं, तास केवढं धरायचे?

“मोजतंय कोण? बैल दमलं की थांबायचं,” आबा म्हणाले. “तुमचं वडील तर बैलाच्या आधी थांबायचं. त्येच्या पाठीवर हात ठिवून हुबं ऱ्हायचं.”

वडिलांविषयी असं कुणी सांगून सरांना कितीतरी वर्षं झाली होती. ते ऐकत राहिले. आबा मात्र खाली बघत म्हणाले, “बैलास्नी हौदावर पाजायचो. तुमच्या वडलास्नी मातूर वरनं ओंजळीत वताय लागायचं. मीच वतायचो की.”

सर उठायच्या बेतात होते. तेवढ्यात आबाच भिंतीला धरून आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. हात थरथरून पाणी धोतरावर सांडत होतं. प्यावंसं सरांना वाटत नव्हतं. पण तो हात बघवेना, म्हणून त्यांनी तांब्या घेतला आणि अर्धा प्याले.

“पुन्यांदा येशीला?” आबांनी विचारलं. “हितं बोलाय कोण न्हाय.”

सर चपला घालून निघाले. मोटारस्टँडवर तासभर बस आली नाही. पुढच्या गुरुवारी मात्र ते पुन्हा गेले.