किंक्रांतीची रेघ

“शनिवारी खोलीत कोण होतं?” मी विचारलं.

मारोतीने कागद माझ्या टेबलावर ठेवला होता, पण त्यावरचा हात काही उचलला नव्हता. “कुनीबी न्हवतं, अप्पा. कुलूप व्हतं.”

“आणि चावी?”

“माझ्याकडंच.”

“मग झालं तर,” मी म्हणालो.

लोह्याच्या आमच्या शेतकी शाळेच्या मागे हवामानाची एक खोली आहे. तिथे हवेचा दाब टिपणारं यंत्र आहे. आठवड्यात एक फेरा घेणारा पितळी डबा, त्यावर गुंडाळलेला कागद आणि जांभळ्या शाईची बारीक लेखणी, एवढाच त्याचा संसार. दर सोमवारी साडेआठला कागद बदलायचा, मागे सही करायची आणि माझ्याकडे आणून द्यायचा. मारोती एकतीस वर्षं हे करत होता. जानेवारीअखेर तो रिटायर होणार होता.

मी भीमाशंकर, इथला हेडक्लार्क. माझं काम संशय घेणं. असं कुठल्या जीआरमध्ये लिहिलेलं नाही, पण बावीस वर्षं हजेरीपट सांभाळल्यावर माणसाला दुसरं काही येतही नाही. एकाच माणसाची आजी मी सुट्टीच्या अर्जात तीनदा वारलेली पाहिली आहे. तेव्हा कुणी कुलूप होतं म्हणालं की मी आधी चावी बघतो.

त्या कागदावरची रेघ आठवडाभर नेहमीसारखी संथ चढत-उतरत गेली होती. फक्त शनिवारी, पंधरा जानेवारीला, रात्री पावणेनऊच्या सुमारास ती एकदम वर उडी मारून खाली आली होती. रविवारी सकाळी दहानंतर आणखी एक उडी होती, जरा लहान. यंत्राला धक्का बसल्याशिवाय असं कसं होईल? त्यात शनिवारी होती किंक्रांत. आदल्या दिवशीचं गोडधोड संपून अर्ध्या लोह्यात त्या दिवशी मटण शिजतं, आणि आमची ती खोली पडली आडोशाला. बाकीचं मी मनात जुळवून टाकलं. बसली असणार मंडळी.

दुपारी मी जाऊन खोली तपासली. बाटली नव्हती, वासही नव्हता. पण यंत्राच्या काचेजवळ तिळाचे दोन दाणे सापडले. ते मी पुडीत बांधले आणि मारोतीला बोलावून समोर उघडून दाखवले. तो आधी पुडीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. बोलला काहीच नाही. त्या न बोलण्याचाही मला संशय आला.

मग मीच जरा मऊ झालो. म्हटलं, जाऊ दे, कोरा कागद घे, एक सरळ रेघ ओढ आणि विषय मिटव, रिटायरमेंटच्या तोंडावर लफडं कशाला. माझ्या मते मी त्याच्यावर उपकारच करत होतो.

“धक्का मी दिला न्हाई,” तो म्हणाला. “आन् रेघ बी मी काढली न्हाई. ती हवेनं काढली. मी कशी मोडू?”

माझं डोकंच फिरलं. शिपाई म्हणून लागलेला माणूस मला हवा शिकवतो! मी त्याला जा म्हटलं, दार लोटलं, त्याच्या आधीच्या आठवड्याच्या कागदावर कोरा कागद धरून खिडकीच्या काचेवर ठेवला आणि जांभळ्या शाईने रेघ गिरवली. मागे ‘मारोती’ अशी सही ठोकली. मूळ कागद फाडून टोपलीत टाकला. त्याच्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं म्हणजे वरून विचारणा झाली असती तर बोलणी मला बसली असती.

महिनाअखेर शाल झाली, नारळ झाला. मारोती सत्काराला उत्तर देताना एकच वाक्य बोलला, की एकतीस वर्षांत आपला एक कागद चुकला नाही. मीही टाळ्या वाजवल्या.

फेब्रुवारीत वरच्या कचेरीने त्या आठवड्याचा कागद मागवला. मी पाठवला. आठ दिवसांत उलट पत्र आलं. पॅसिफिक महासागरात टोंगा बेटांजवळ समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला होता. त्या स्फोटाने हवेत उठलेली लाट पृथ्वीला वळसा घालत शनिवारी रात्री आपल्याकडून गेली, आणि उलट्या बाजूने निघालेली रविवारी सकाळी. बाकी केंद्रांच्या कागदांवर दोन्ही उड्या आहेत, तुमच्याच कागदावर नाहीत. तुमचा निरीक्षक घरी बसून कागद भरत होता काय? तसे असल्यास त्याच्या मागील सर्व नोंदी रद्द कराव्या लागतील. खुलासा करावा.

मला आधी ते पत्रच खोटं वाटलं. पाण्याखाली आग लागते आणि तिचा धक्का लोह्याला बसतो, हे कुणी शहाण्याने मानावं? प्राचार्य मात्र शांत होते. म्हणाले, मारोती रिटायर झाला, आता त्याचं काय वाकडं होणार, त्याच्याच नावावर घाला. मी तसा खुलासा टाईप केला आणि रविवारी त्याची सही घ्यायला कंधार रोडला त्याच्या घरी गेलो.

बिलोलीला शाळेवर असलेली त्याची मुलगी धम्मप्रिया घरीच होती. खुलासा खिशात ठेवून मी आधी कचेरीचं पत्र पुढे केलं. तिने ते वाचून दाखवलं आणि मोबाईलवर ती बेटं काढली. समुद्राच्या लाटेत तिथली घरं वाहून गेली होती, प्यायच्या पाण्यात राख पडली होती. समुद्रातली फोनची तार तुटली, त्यामुळे आपण जिवंत आहोत एवढं कळवायलाही लोकांना कित्येक दिवस मार्ग नव्हता.

मारोती ऐकत होता. नोंदी रद्द होणार, हेही त्याने ऐकलं होतं. पण तो बोलला ते वेगळंच.

“कळवलं व्हतं त्यांनी,” तो म्हणाला. “आपल्याकडं आलं व्हतं, अप्पा. मी तुमच्या टेबलावर ठिवलं व्हतं.”

मला चहाचा कप खाली ठेवावा लागला.

“माझा कागद कुठाय?” त्याने विचारलं.

“फाडला,” मी म्हणालो. “पाठवला तो मी काढलेला. सहीही मीच केली.”

धम्मप्रियाने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. मग ती बापाला म्हणाली, की तुम्हाला ती रेघ तोंडपाठ आहे, काढून द्या, नाहीतर एकतीस वर्षं पाण्यात जातील. माझ्या पिशवीत यंत्राचे कोरे कागद होते. मी एक पुढे केला. मारोतीने पेन हातात घेतलं, शनिवारच्या रकान्यावर टोक नेलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग टोपण लावलं.

“न्हाई माय. हातानं काढली की ती माझी रेघ झाली. त्यांची न्हाई.”

मी उठलो. तो दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, “अप्पा, ते तीळ तुमचेच व्हते. संक्रांतीला खोलीत येऊन तुमीच माझ्या हातावर तिळगूळ ठिवला. गोड बोला म्हनलात.”

“मग त्या दिवशी का बोलला नाहीत, मारोतीराव?”

“तुमी पुडी बांधली व्हती,” तो म्हणाला.

टाईप केलेला खुलासा मी खिशातून काढलाच नाही. सोमवारी नवा लिहिला: रेघ मी ओढली, सही मी केली, मूळ कागद मी फाडला. प्राचार्य दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मारोतीरावांच्या नोंदी कायम राहिल्या, एक आठवडा सोडून. त्या आठवड्यापुढे ‘कागद उपलब्ध नाही’ असं लिहिलंय. माझी चौकशी चालू आहे.

त्यांची जागा अजून भरलेली नाही, म्हणून सोमवारचा कागद आता मीच बदलतो. परवा डबा बसवताना माझं कोपर लागलं आणि रेघ उडाली. शेजारी कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि चावी माझ्याकडंच होती.

मी कागद तसाच ठेवला. शेऱ्याच्या जागी लिहिलं: ‘धक्का माझ्या हाताचा. भीमाशंकर.’