शिंप्याच्या बागेतला पितळी रूळ

मित्रांनो, मी एक जुना पितळी रूळ आहे. खऱ्या आगगाडीचा नव्हे, बागेत फिरणाऱ्या छोट्या गाडीचा. तुमच्या हाताएवढा लांब, अंगाने जरासा वाकलेला. आज माझ्यावर ऊन पडले आहे, मुंग्या बिनधास्त ये-जा करत आहेत, आणि तुम्हाला वाटेल की हा किती सुखात आहे! पण खरे सांगू? भीती माझ्या धातूतच मुरली आहे.

जन्मच तसा झाला. भट्टीत वितळलो, साच्यातून ओढला गेलो, मग लोखंडी लाटण्यांमध्ये दाबून मला बाक दिला गेला. शेवटी माप घेणारा कारागीर बसलेला. ज्याचा बाक चुकला तो पुन्हा भट्टीत. माझ्या पुढचा गेला. मी देवाच्या दयेने पार पडलो, पण ती धग अजून आठवते.

पुढे दुकानाच्या फळीवर दिवस काढले. शेजारी लोखंडी रूळ आरशासारखे चमकत. येणारा तिकडेच बघे. आम्ही पितळी मात्र कळकट. खपलो नाही तर पुन्हा वितळवतील, हीच धास्ती.

एके दिवशी एक म्हातारे जोडपे आले. त्यातले आजोबा शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिवणाचे दुकान बंद केले तेव्हा हाताखालच्या कारागिरांनी त्यांना एक इंजिन भेट दिले होते. ते छातीशी धरून आले होते, एखादे तान्हे बाळ धरावे तसे.

“हे चकचकीत द्या,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, ते घरात चालवायचे,” दुकानदार म्हणाला. “बागेत पहिल्या पावसात गंजतील. ॲल्युमिनियम हलकं, पण पाय पडला की वाकतं. पितळ काळं पडेल, पण वर्षानुवर्षं टिकेल. आणि वळण मोठं घ्या. तुमचं इंजिन लांब आहे, लहान वळणावर ते रुळावरून उतरेल.”

“जागा मोजलीत का?” मास्तरांच्या बायकोने नवऱ्याला विचारले.

“अगं, जन्मभर मापंच घेतली. नजरेनं कळतं मला.”

मित्रांनो, त्या नजरेनेच घात केला. आम्हा बारा भावंडांचा वेढा जमिनीवर मांडला, तर एका बाजूला लिंबाचे झाड, दुसऱ्या बाजूला शेवंतीचा वाफा. आम्ही मावेचना. मास्तरांनी कानामागचा खडू काढला.

“कमरेत घ्यावं लागेल,” ते म्हणाले. “प्रत्येकातून चार बोटं कमी केली की घेर आपसूक लहान होईल.”

आता चित्त देऊन ऐका. आमचा बाक ठरलेला असतो. आम्हाला आखूड केले तरी बाक तोच राहतो, वेढा लहान होत नाही. त्याची तोंडे मात्र जुळायची राहून जातात. मला हे ठाऊक होते, पण मला जीभ कुठली? मास्तरांनी माझ्या थोरल्या भावाला पाटावर धरले. करवत किरकिरली. त्याचा तुकडा खाली पडला, त्याचा आवाज झाला, एवढेच. मग माझ्या अंगावर खडूची रेघ आली.

मी देवाला हाक मारली. दुसरे काय करणार? करवतीचे दात माझ्यावर टेकले, एकदा मागे सरकले, आणि माझ्या अंगातून पिवळा भुगा निघाला.

“अहो, थांबा,” मास्तरांची बायको म्हणाली. “गिऱ्हाइकाचं पोट कोटात मावलं नाही तर काय करत होतात?”

“कोट उसवून मोठा करायचो.”

“पोटाला कात्री नाही ना लावलीत कधी?”

करवत अजून माझ्यावरच होती. मास्तर बायकोच्या शेवंतीकडे बघत राहिले. “पण ती झाडं तू स्वतः लावलीस.”

“ती उचलून दुसरीकडे लावता येतात. याला कापलंत तर हा परत उगवणार आहे का?”

करवत उचलली गेली. माझ्या जिवात जीव आला. संध्याकाळपर्यंत ती बाई गुडघ्यांवर बसून शेवंती मुळांसकट हलवत होती, आणि मास्तर निमूटपणे खडी पसरत होते. थोरल्या भावाच्या जागी दुकानातून नवा आणला. मग इंजिन आमच्यावरून फिरले, एकदाही घसरले नाही. लोक वाहवा करत, मास्तर लाजत.

पुढे मी काळवंडलो. महिनोन्‌महिने कोणी पुसले नाही. तरी गंजलो मात्र नाही.

परवा शेजारचा गवंडी आला. त्यालाही गाडी बसवायची होती. “मास्तर, कोणते रूळ घेऊ? आणि जागा कमी पडली तर थोडं कापलं म्हणून काय बिघडतं?”

मला ती करवत आठवली. मास्तर अवघडत खाली बसले, माझ्यावर बोट फिरवले, आणि करवतीने पडलेली चीर त्याला दाखवली.

“आधी जमिनीवर दोरी टाकून वेढा आखून बघा,” ते म्हणाले. “त्यानंतर दुकानात जा. आमच्या हिनं हात धरला म्हणून हा वाचला. तुमचा कोण धरणार?”

गवंडी दोरी मागून घेऊन गेला.

मित्रांनो, तुमच्या हातात जी वस्तू येईल तिला जीभ नसेल, ती ओरडणार नाही. म्हणून हत्यार टेकवण्याआधी क्षणभर थांबा, आणि तिच्या वतीने तुम्हीच एकदा घाबरा.