समोर बघणारा वाघ

एकोडीच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, यादोरावांचा खेळ दर वर्षी पुढे सरकायचा. मांजरपाटाच्या लांबलचक पटावर जंगलाची वाट. कवड्या टाकायच्या आणि खजिना गाठायचा. गेल्या मंडईत वाट जिथे संपली, तिथून यंदाचा भाग सुरू. आजवरचे सगळे भाग यादोरावांनीच गेरू-काजळाने काढलेले. पटावर अक्षर म्हणून नाही. वाघाचं तोंड खजिन्याकडे असेल तर सोंगटी दोन घरं पुढे, पाठ असेल तर मागे. शाळेची पायरी न चढलेली बाईसुद्धा बिनचूक खेळायची.

यंदा हात थरथरायला लागला म्हणून काम पुतण्याकडे गेलं. टेकचंद भंडाऱ्यात सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. त्याने यादोरावांसमोर पट उलगडला. झाडांवर गुलाबी उजेड, अस्वलाच्या गालाला लाली. आणि वाघ? एकजात समोर बघणारे, दात मंजनाच्या जाहिरातीतले.

"जिवंत वाटते का नाही, काका?"

"वाटते ना. पावडर लावून वरातीत चालला वाटते. पण जाते कोणीकडं?"

"कोणीकडं म्हणजे? पाहून राहिला ना तो!"

गधा लहानपणापासून खेळला, पण पुढे-मागे काका ओरडून सांगायचे. वाघाच्या तोंडाकडे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

यादोरावांनी मंडईत नवा पट अंथरू दिला. मागचा पट त्यांनी काखेत आणला होता. एक घोटाळा होऊ दे, लोक आपणच म्हणतील, जुनं अंथरा.

घोटाळा झालाही. परसरामची सोंगटी वाघावर आली.

"पुढं!" परसराम म्हणाला.

"कायचं पुढं? मागं चाल!" मालनबाई कडाडली.

यादोराव काखेतल्या जुन्या पटाची दोरी सोडायला लागले, तोच शेजारची बेबीबाई म्हणाली, "काहून भांडता बाप्पा? समोर पाहून राहिला म्हणजे खाल्लं! उठा, परसरामभाऊ."

हशा पिकला. परसराम उठला.

"अवो, माह्याकडंच पाहून राहिला!" मालनबाई किंचाळली.

"नाही, माह्याकडं!" पलीकडून कोणीतरी.

चहूकडून माणसं आत घुसली. इतकी गर्दी यादोरावांच्या एकाही वाघाला जमली नव्हती. किळस आली त्यांना. वाट ओळखायला शिकवलं, आणि यांना हौस कशाची, तर खाऊन घ्यायची!

"थांबा बे! हा खेळ होये का कत्तलखाना?" म्हणत ते तरातरा पटावर गेले. पाय पडला नेमका वाघावर.

"भाऊजीले खाल्लं!" बेबीबाईने टाळी वाजवली.

"मी खेळतच नाही—"

"मेलेला माणूस बोलत नसते, भाऊजी."

सगळ्यांना पटलं. टेकचंदने अदबीने हात धरून त्यांना बाजूला नेलं. खाल्लेल्यांच्या रांगेत परसराम तंबाखू मळत बसला होता. सरकून त्याने जागा केली.

"या यादोरावभाऊ, बसा. अठून खेळ बेस दिसते."